सासऱ्यांचा जुना संगणक भंगारात द्यावा का?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका शेहेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांच्या सासऱ्यांचा चादरींचा लहानसा यंत्रमाग कारखाना घराच्या मागेच होता. सासरे जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षे होतील. कारखाना बंद झाला, माग विकले गेले आणि घेणारा ते महिनाभरात उचलून नेणार आहे. जागा रिकामी करताना पत्र्याखालच्या माळ्यावर २००४च्या सुमारास घेतलेला संगणक, साठ-सत्तर सीडी, एक सुटी हार्ड डिस्क, बटणांचे दोन मोबाइल आणि लाडवांच्या डब्यात ठेवलेली मेमरी कार्डे सापडली. शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर काही उघडून पाहिले, तेव्हा कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीचे फोटो, सुताची बिले, मागाचे काही सेकंदांचे व्हिडिओ, सासऱ्यांनी स्वतःसाठी तेलुगूत बोलून ठेवलेली टिपणे आणि ‘आठवणी १’ नावाची एक फाइल निघाली. ती फाइल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. पती म्हणतात, “भंगारात दे, मला काही पाहायचे नाही.” पुण्याची नणंद म्हणते, “एकही फाइल उडवू नका, सगळे क्लाउडवर टाका.” चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई सासऱ्यांच्या स्मार्टफोनवर भजने ऐकत असतात. त्यांनी डबा पाहून एवढेच विचारले, “त्यात त्यांचा आवाज आहे का?” मुलांना तेलुगू समजते, पण नीट बोलता येत नाही. पत्रलेखिकेचा प्रश्न असा की, यात लग्नकार्याचे, समारंभाचे जवळजवळ काहीच नसून नुसता रोजचा पसारा आहे, तर तो जपण्यात अर्थ आहे का, आणि पतीला तो आवाज ऐकवावा का?

ताई,

तुमच्या पत्रात पतीचे मत आहे, नणंदेचे मत आहे आणि या दोघांमध्ये सापडलेल्या तुमची घालमेलही आहे. सासूबाईंचा मात्र एकच प्रश्न आहे आणि तो तुम्ही जाता जाता लिहिला आहे. टाकावे की ठेवावे, याचा वाद चाललेल्या घरात आपल्याला नेमके काय हवे आहे हे फक्त त्यांनीच सांगितले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, आहे’ असे आहे आणि ते तुमच्याजवळ आहे. पुढचे काही ठरण्याची वाट न पाहता एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसून त्यातले एक टिपण त्यांना ऐकवा. फक्त आधी सांगा की, आता त्यांचा आवाज लावते आहे, आणि त्या नको म्हणाल्या तर तिथेच थांबा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. ठेवावे की टाकावे, असा विचार करताना आपण असे धरून चालतो की आपण निर्णय घेईपर्यंत या वस्तू आहेत तशाच राहतील. तसे होत नाही. यातले काही या महिन्यातच जाणार आहे, काही आपोआप खराब होत आहे आणि काही एका वृद्ध बाईंच्या स्मरणात आहे, जिथून ते कोणत्याही दुकानात काढून मिळत नाही. म्हणून काय मौल्यवान आहे हे नंतर ठरवू. आधी काय सर्वांत लवकर नाहीसे होईल ते पाहू.

सर्वांत निकडीची गोष्ट तुमच्या पत्रात आली आहे, पण तुम्हाला ती निकडीची वाटलेली नाही. सासऱ्यांचा स्मार्टफोन अजून चालू आहे आणि त्यावर त्यांचे गूगल खाते असणार. सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल त्यातील पत्रे, फोटो आणि फाइलींसह काढून टाकू शकते. हा नियम २०२३मध्ये जाहीर झाला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून लागू झाला. त्या खात्यातून यूट्यूब पाहणे हाही वापर समजला जातो, त्यामुळे सासूबाईंच्या भजनांनीच कदाचित ते खाते आजवर जिवंत ठेवले असेल. तरीही त्यावर विसंबू नका. फोनमध्ये लॉगिन शाबूत आहे तोवर गूगलच्या ‘टेकआउट’ या सोयीतून त्या खात्यातील सर्व काही उतरवून घ्या. त्यांच्या सिमकार्डाचे रिचार्जही इतक्यात बंद करू नका. न वापरलेला क्रमांक कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग पासवर्ड बदलण्यासाठी येणारा ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या हातात पडतो. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी कुटुंबीयांना गूगलकडे अर्ज करता येतो, पण मागितलेले मिळेलच अशी खात्री नसते आणि पासवर्ड तर दिलाच जात नाही. ज्या ज्या घरात गेलेल्या माणसाचा फोन कपाटात बंद करून ठेवला आहे, त्या सर्वांना माझे हेच सांगणे आहे.

‘नुसता रोजचा पसारा’ या तुमच्या शब्दांशी मात्र मला थोडे थांबायचे आहे, कारण तुमच्या सगळ्या संकोचाचे मूळ तिथे आहे असे मला वाटते. लग्नाचे फोटो म्हणजे आठवण आणि सुताचे बिल म्हणजे कचरा, ही वाटणी आपण इतक्या सहज करतो की ती तपासून पाहत नाही. लग्नाचे फोटो तर दोन्हीकडच्या नातेवाइकांकडे, छायाचित्रकाराकडे, कुणाच्या तरी अल्बममध्ये असतातच, आणि त्यात सगळी माणसे ठेवणीतले कपडे घालून कॅमेऱ्याकडे पाहत उभी असतात. कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीचा तो फोटो दुसऱ्या कुणाकडेही नाही. त्यात कोण कुणाशेजारी बसायचे, डब्यात काय असायचे, भिंतीवर कोणते कॅलेंडर लावलेले होते, कांड्यांची टोपली कुठे ठेवायची, हे सगळे कुणी ठरवून टिपलेले नाही आणि म्हणूनच ते खरे आहे. सुताच्या बिलात त्या वर्षीचा भाव आहे, व्यापाऱ्याचे नाव आहे, उधारीची मुदत आहे आणि कदाचित कोपऱ्यात सासऱ्यांच्या हाताने केलेला हिशेबही आहे. सोलापुरात ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी १८७७मध्ये सुरू झाली. शहराच्या गिरण्यांबद्दल सन, मालक, चात्यांची संख्या, संप हे लिहिलेले सापडते. पण घरामागच्या खोलीत चार-सहा माग टाकून दोन पिढ्या ज्यांनी चादरी विणल्या, त्यांची दुपार कशी जात होती, हे लिहून ठेवण्यासारखे आहे असे त्या घरांनाच वाटले नाही. तुमच्या माळ्यावर त्या दुपारींपैकी काही आहेत.

याचा अर्थ प्रत्येक फाइल अमूल्य आहे असा मी काढत नाही. एकाच चादरीचे गिऱ्हाइकाला पाठवण्यासाठी काढलेले वीस सारखे फोटो आणि सणासुदीच्या शुभेच्छांची आलेली चित्रे यांना जपण्याची गरज नाही. मात्र ती निवड शेवटी करायची असते, आधी नाही.

नणंदबाईंच्या म्हणण्यातली कळकळ मला पटते, उपाय अर्धाच पटतो. क्लाउडवर टाकले की सुटलो, ही समजूत आता घरोघरी रुजली आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रावर, त्यांच्या अटींवर ठेवलेली प्रत. गूगलची फुकट जागा १५ जीबी असते आणि तीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे मोडते. फोटोंसाठी पूर्वी असलेली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१पासून बंद झाली. ऑर्कुटवर एका पिढीने आपली कॉलेजची वर्षे लिहून ठेवली होती, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. शिवाय घरातला प्रश्न वेगळाच असतो: खाते कुणाच्या नावावर, पैसे कोण भरणार, आणि ते माणूस उद्या नसले तर पासवर्ड कुणाला ठाऊक? क्लाउडवर एक प्रत जरूर ठेवा, पण ती एकमेव नसावी. एकूण तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, असा एक साधा नियम हे काम जाणणारे लोक पाळतात. तुमच्या बाबतीत तो सहज जमतो, कारण नणंदबाई पुण्यात आहेत. ‘एकही फाइल उडवू नका’ म्हणणाऱ्या माणसाकडे एक हार्ड डिस्क सोपवावी आणि वर्षातून एकदा ती जोडून, चार-दोन फाइली उघडून पाहण्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यावी. आग्रह धरणाऱ्याला काम मिळाले की घरातला ताणही कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

नुसते साठवणे पुरत नाही, याचे एक उदाहरण तुम्हाला शिक्षिका म्हणून विशेष जवळचे वाटेल. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाच्या हुकमाने जमिनींची आणि गावांची एक मोठी नोंदवही तयार झाली. तिला १९८६मध्ये ९०० वर्षे होणार म्हणून बीबीसीने त्याच धर्तीवर नवी नोंद करायची ठरवली आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत असंख्य शाळकरी मुलांनी, आपल्या गावातले रोजचे जगणे लिहून पाठवले. हे सगळे त्या काळच्या अत्याधुनिक लेसर डिस्कवर घातले गेले. पंधरा-एक वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवून घेण्यासाठी तज्ज्ञांना खटपट करावी लागली. १०८६ची कातड्यावर लिहिलेली वही मात्र लंडनमध्ये आजही वाचता येते. मुलांनी लिहिलेला तो मजकूर पुढे टिकून राहिला, कारण कुणीतरी वेळेत तो जुन्या साधनावरून नव्या साधनावर नेला. तुमच्या माळ्यावरच्या सीडींचेही तसेच करावे लागेल.

तेव्हा आता प्रत्यक्ष कामाबद्दल लिहिते. तो जुना संगणक पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. इतकी वर्षे पत्र्याखाली, सोलापूरच्या चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यात राहिलेल्या यंत्रातली हार्ड डिस्क एखादेच वेळी नीट चालेल, आणि ती वेळ फाइली उतरवण्यासाठी वापरायला हवी. डिस्क बाहेर काढून अडॅप्टरने लॅपटॉपला जोडता येते. २००४च्या संगणकात बहुधा आयडीई प्रकारची डिस्क असते, नंतरच्या यंत्रांत साटा प्रकारची. दोन्हींना चालणारा यूएसबी अडॅप्टर मिळतो आणि तो महाग नसतो. डिस्कमधून खटखट असा आवाज आला तर तत्काळ बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. घरी केलेल्या प्रयत्नांनी अशा डिस्कचे नुकसान वाढते. दुकानात नेलीत तर प्रत होईपर्यंत तिथेच बसा, कारण त्यात बँकेचे कागद आणि घरातली खासगी पत्रे असतील.

माळ्यावरच्या वस्तूंत सीडींना सर्वांत आधी हात घाला. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती एका रंगाच्या थरावर असते आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर उतरत जातो. सीडी कडेने धरा, मऊ सुती कापडाने मधून बाहेर अशी पुसा, गोल गोल पुसू नका. एखादी वाचली गेली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा, कारण एका ड्राइव्हला न वाचलेली सीडी दुसरा वाचतो असे पुष्कळदा घडते. मेमरी कार्ड लावल्यावर ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारले तर नाही म्हणा. कार्ड रिकामे दिसले तरी त्यावर नवे काही साठवू नका. पुसले गेलेले फोटो ‘फोटोरेक’सारख्या मोफत साधनाने अनेकदा परत मिळतात, पण ते दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे असतात. बटणांच्या मोबाइलची बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्ज करू नका, त्याच प्रकारची दुसरी बॅटरी शोधा. त्या फोनमधले आवाज बहुधा एएमआर आणि व्हिडिओ थ्रीजीपी या प्रकारांत असतील. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये दोन्ही उघडतात. मूळ फाइल तशीच ठेवून तिची एमपीथ्री किंवा एमपीफोर प्रतही करून ठेवा.

हे उतरवताना काहीही पाहत बसू नका, निवडू नका, नावे बदलू नका. ‘मूळ’ नावाचा एक फोल्डर करा आणि कोणत्या सीडीतून, कोणत्या फोनमधून काय आले हे कळेल अशा रीतीने सगळे त्यात जसेच्या तसे ठेवा. सीडीच्या वेष्टनावर सासऱ्यांच्या हातचे काही लिहिलेले असेल तर त्याचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये घाला. साठवणीची जागा आता इतकी स्वस्त आहे की टाकण्याचा निर्णय तुमच्यावर कुणीही लादू शकत नाही, जागेची अडचणसुद्धा नाही. त्यामुळे नणंदबाईंचा शब्द राखला जातो आणि तुम्हीही निवडीच्या ओझ्यातून तूर्त मोकळ्या होता. निवड करायची ती वेगळ्या फोल्डरमध्ये, प्रतींमधून आणि सावकाश. वर्षाला तीस-चाळीस फोटोंहून अधिक घेऊ नयेत असे मी सुचवेन, कारण पुढे पाहणाऱ्याची दमछाक झाली की तो पाहणेच सोडतो. हे फोटो घरच्यांना पाठवताना व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून पाठवू नका, त्याने चित्र लहान होते आणि ते कधी काढले ही आत दडलेली नोंदही पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले की मूळ फाइल जाते.

‘आठवणी १’ या फाइलबद्दल मला तुम्हाला आनंदाची गोष्ट सांगायची आहे. इंग्रजी अक्षरांचा जो गुंता दिसतो, तो बहुतेक खराब झालेला मजकूर नाही. युनिकोड ही सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धती सर्वत्र रुळण्याआधी मराठी टंकलेखन श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत व्हायचे. त्यांच्यात फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत साठवले जात आणि पडद्यावर त्यांच्या जागी मराठी आकार दिसत. तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की तीच फाइल आपले खरे पोट दाखवते. फाइल वर्डमध्ये उघडून कर्सर मजकुरावर ठेवल्यावर फाँटच्या चौकटीत कोणते नाव येते ते पाहा. तो फाँट मिळाला तर मजकूर लगेच वाचता येईल आणि त्याच फाँटसाठीचा परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणता येईल. प्रत्येक फाँटची अक्षरयोजना निराळी असते, म्हणून भलताच परिवर्तक वापरला तर गुंता वाढतो. जुने डीटीपीचे काम केलेला एखादा माणूस तुम्हाला सोलापुरात सहज भेटेल, त्याला ही एकच फाइल द्या, पूर्ण डिस्क नको. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे हमखास जागा चुकतात, तेव्हा मूळ मजकुराशी ताडून एकदा शांतपणे वाचा, आणि मग पीडीएफ करून कागदावरही छापून घ्या. आपल्या कितीतरी घरांत मोडीतले कागद पणजोबांच्या सहीसकट जपलेले आहेत आणि ते वाचू शकणारे घरात कुणी नाही. जुन्या फाँटांतला मराठी मजकूर त्याच वाटेने चालला आहे, आणि त्याला तर दोन पिढ्यासुद्धा लागलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे वडिलांचे लेख, आईच्या कविता, मंडळाचे जुने अहवाल अशा फाइली आहेत, त्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

इतके झाले तरी एक उणीव उरते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. फोटोत डावीकडून तिसरी बसलेली बाई कोण, हे कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेले नाही. जुन्या कॅमेऱ्यांची बॅटरी बदलली की तारीख मागे जाऊन बसायची, त्यामुळे फोटोवरच्या तारखेवरही भरवसा ठेवता येत नाही. ती बाई कोण, तिने किती वर्षे कांड्या भरल्या, तिच्या मुलीच्या लग्नाला तुमच्या घरून काय गेले, हे सासूबाईंना ठाऊक आहे. डिस्क आणखी वर्षभर टिकेलही, पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या स्मरणाबद्दल तसे म्हणता येत नाही. म्हणून फाइली एकदा सुरक्षित उतरल्या की तंत्राचे सोपस्कार बाजूला ठेवा आणि तुमचा सगळा वेळ त्यांना द्या.

त्यांच्यासमोर एकदम शेकडो फोटो टाकू नका. एका बैठकीला दहा-बारा पुरेत, मोठ्या पडद्यावर किंवा कागदावर छापलेले, आणि अर्ध्या तासाहून जास्त नको. फोन समोर ठेवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, अर्थात त्यांना सांगून. त्यांना तेलुगूतच बोलू द्या. सोलापुरात बोलली जाणारी तेलुगू, तिच्यात मिसळलेले मराठी आणि कानडी शब्द, मागावरच्या कामाची बोलीतली नावे, हे त्या फोटोंइतकेच जपण्यासारखे आहे. प्रश्न विचारण्याचे काम मुलांना द्या. ती अडखळतील, आजी त्यांना सुधारेल, आणि ते सुधारणेही ध्वनिमुद्रणात येईल. ‘हा कोण’ यापेक्षा ‘हे झाल्यावर पुढे काय करायचात’, ‘हा आवाज बंद पडला की तुम्हाला आतल्या खोलीत कसे कळायचे’ असे प्रश्न अधिक बोलते करतात. नंतर तुम्ही मराठीत चार ओळींचे टिपण करून त्याच नावाने फोटोशेजारी ठेवा. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग आणि माणसे, असा क्रम ठेवला, उदाहरणार्थ ‘२००९-०८ मार्कंडेय रथोत्सव, कारखान्यातले सगळे’, तर कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही काळात तो कळेल. वर्ष नक्की नसेल तर ‘सुमारे’ असे लिहा.

आता त्या मागांबद्दल. तुम्ही जुन्या फाइलींची काळजी करत आहात, आणि अजून ज्याची एकही धड फाइल झालेली नाही ती गोष्ट महिनाभरात ट्रकमध्ये चढणार आहे. विजेची जोडणी चालू असेल आणि एखादा माग चालण्याच्या स्थितीत असेल, तर जुन्या कामगारांपैकी कुणाला तरी बोलवून तो थोडा वेळ चालवून घ्या. फोन आडवा आणि स्थिर धरून दहा मिनिटे सलग चित्रित करा: उभ्या धाग्यांचा ताणा कसा भरला आहे, आडवा धागा नेणारा धोटा कसा येतो-जातो, धागा तुटल्यावर हात कुठे जातो. चालवता येत नसेल तर रिकाम्या कारखान्यातच दारापासून शेवटच्या मागापर्यंत सावकाश चालत जा आणि कामगाराला बोलू द्या. आणि मागांबरोबर जकार्डची, म्हणजे नक्षी विणण्याच्या यंत्रणेची, पंचकार्डे जाऊ देऊ नका. ताण्याचे कोणते धागे उचलायचे हे त्या पुठ्ठ्यांवरच्या छिद्रांनी ठरते. ही युक्ती १८०४च्या सुमाराची, फ्रान्समधल्या ल्योंची, आणि पुढे गणनयंत्रांना माहिती पुरवण्यासाठी हीच छिद्रांची कार्डे वापरली गेली. तुमच्या सासऱ्यांच्या नक्षीची कार्डे म्हणजे त्यांच्या हातची अशी फाइल आहे, जी वाचायला वीजही लागत नाही. दोऱ्याने शिवलेल्या कार्डांचा एक तरी संच, त्याचा आलेखकागद आणि त्या नक्षीची एक चादर एकत्र बांधून ठेवा.

फोटोंतल्या कामगारांचाही या सगळ्यावर हक्क आहे, हे तुमच्या पत्रात आले नाही म्हणून लिहिते. त्यांतल्या अनेकांकडे आपल्या कामाच्या जागेचा एकही फोटो नसेल. जे अजून शहरात आहेत त्यांना छापील प्रती द्या. त्यांचे चेहरे, त्यांच्या मजुरीचे आकडे, उचल घेतल्याच्या नोंदी नातेवाइकांच्या गटांत परस्पर फिरवू नका. तुमच्या घराला ते आठवणीसारखे वाटेल, त्यांच्यापैकी कुणाला ते उघडे पडल्यासारखे वाटू शकते. सासऱ्यांच्या खासगी पत्रांनाही हाच न्याय लावा. वाचताना मध्येच असे जाणवले की हे आपल्यासाठी लिहिलेले नाही, तर ती फाइल सासूबाईंना विचारल्याशिवाय पुढे वाचू नका, आणि त्या म्हणाल्या की काढून टाक, तर काढून टाका. माणसाच्या माघारी त्याचे सगळेच्या सगळे जपणे हे प्रेमाचे एकमेव रूप नाही.

शेवटी तुमच्या पतीबद्दल. ‘मला काही पाहायचे नाही’ याचा अर्थ त्यांना वडिलांची पर्वा नाही असा तुम्ही घेतलेला नाही, हे पत्रातून दिसते, आणि तुमचे ते वाचन बरोबर आहे असे मला वाटते. ज्या मागांच्या आवाजात ते वाढले, ते त्यांच्याच हातून विकले जात आहेत. अशा वेळी वडिलांचा आवाज अचानक कानावर पडणे हा कुणासाठीही मोठा धक्का असतो, तेव्हा त्यांना बरे वाटावे या हेतूनेसुद्धा तो अवचित लावू नका. सासूबाई ऐकत असतील ती वेळ त्यांना आधी माहीत असू द्या. त्यांना एकदाच, साध्या शब्दांत सांगा की आवाज आहे, इतकी टिपणे आहेत, त्यांत सुताचे आणि निरोपांचेच बोलणे आहे, आणि ती अमुक ठिकाणी ठेवली आहेत. पुढे विषय काढू नका. त्यांना वर्षभराने ऐकावेसे वाटेल, किंवा मुलगी सासरी जाताना, किंवा कधीच नाही. मात्र मागाच्या चित्रीकरणाच्या दिवशी त्यांना थांबण्याविषयी जरूर विचारा, कारण फोटो पाहायला नकार देणारी माणसे कधीकधी यंत्राला हात लावायला तयार होतात. तेही नको म्हणाले तर त्यांच्याशिवाय करा.

आणि भंगाराबाबत त्यांचे म्हणणे अगदीच डावलू नका. तीन प्रती झाल्या, त्या उघडतात याची खात्री झाली, पुण्याची डिस्क पुण्याला पोहोचली, आणि कारखान्याच्या हिशेबाच्या फाइलींपैकी कायद्याने किती वर्षांच्या ठेवायच्या हे तुमच्या सीएंना विचारून झाले, की त्या संगणकाला घरात ठेवण्याचे कारण उरत नाही. जुनी हार्ड डिस्क मात्र काढून घ्या. ती इतर प्रतींबरोबर राहू दे किंवा भोके पाडून निकामी करा. उरलेला सांगाडा, पडदा आणि फुगलेल्या बॅटऱ्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठवा. तो पोहोचवण्याचे काम पती आनंदाने करतील असे मला वाटते.